कॅथलिक हायस्कूलच्या परंपरा येतात कुठून? शाळेचा इतिहास लिहायला बसलेल्यांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की शाळेला शंभर वर्षं होतायत, स्मरणिकेत शाळेचा इतिहास आणि परंपरा यावर लेख लिहायचं काम तुमच्यावर आलंय, तुम्ही स्वतः कॅथलिक नाही, आणि हाताशी आहे ती फक्त प्रिन्सिपलांची यादी आणि बिल्डिंगचे फोटो. मग मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी), मोटो, हाऊस, फीस्ट (संतांचे सण), रिट्रीट (प्रार्थनेसाठी काढलेले मौनाचे दिवस) हे सगळं कुठून आलं आणि सुरुवात कुठून करायची. मी आयुष्यभर अशाच शाळांत इतिहास शिकवलाय आणि शाळांची जुनी कागदपत्रं लावायचं कामही बरंच केलंय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

पहिली गोष्ट, शाळा कॅथलिक आहे एवढं कळून फारसं काही कळत नाही. शाळा कुणाची ते आधी विचारा. म्हणजे येशूसंघीयांची, ज्यांना आपण जेझुइट म्हणतो, की डॉन बॉस्कोच्या सेल्सियन फादरांची, की दे ला सालच्या ब्रदरांची, की अमुक एका संघाच्या, म्हणजे व्रत घेऊन एकत्र राहणाऱ्यांच्या संस्थेच्या, सिस्टरांची, की कुठल्याच संघाची नाही आणि थेट बिशपांच्या धर्मप्रांताची. या प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या गरजेतून झालीय, शिकवायची पद्धत वेगळी, मुलांशी वागायची रीत वेगळी, आणि आज ज्याला आपण परंपरा म्हणतो ते बहुतेक वेळा त्या जुन्या शिकवायच्या पद्धतीचंच उरलेलं रूप असतं. हे एकदा लक्षात आलं की लेखाचा सांगाडा आपोआप उभा राहतो, नाहीतर मग नुसती तारखांची जंत्री होते आणि ती कुणी वाचत नाही.

जेझुइटांपासून सुरू करते कारण हायस्कूल म्हणून आपण जे ओळखतो त्यातलं बरंच काही त्यांनी बसवलंय. गंमत म्हणजे इग्नेशियस लोयोलाने 1540 मध्ये संघ स्थापन केला तेव्हा शाळा काढणं हा त्याचा मुख्य बेत नव्हताच. सिसिलीतल्या मेसिना शहराच्या लोकांनी मागणी केली, खर्च आम्ही उचलतो, तुम्ही माणसं पाठवा, आणि 1548 मध्ये हेरोनिमो नादाल याच्या हाताखाली दहा जण तिथे गेले. बाहेरच्या मुलांसाठी म्हणून उघडलेली ही त्यांची पहिली मोठी शाळा. त्यानंतर 1551 मध्ये रोममध्ये शाळा निघाली, तिच्या दारावर पाटी होती की इथे व्याकरण, साहित्य आणि ख्रिस्ती शिकवण विनामूल्य शिकवली जाते. त्यातला विनामूल्य हा शब्द नीट वाचा. सुरुवातीची जवळजवळ तीनशे वर्षं जेझुइट शाळा फी घेत नसत, शहराने किंवा एखाद्या श्रीमंत दात्याने जमीन किंवा ठेव द्यायची आणि त्यावर शाळा चालायची. फी घ्यायची परवानगी रोमहून मिळाली ती 1833 मध्ये, कारण तोवर त्या जुन्या ठेवी सगळ्या गेल्या होत्या. म्हणून एखाद्या जेझुइट शाळेत आज भरमसाट फी असेल आणि त्याच वेळी स्कॉलरशिपबद्दल तिथले लोक हळवे असतील तर तो दिखावा नाही, त्यामागे ही एवढी मोठी कहाणी आहे.

1599 मध्ये त्यांनी शिक्षणाचा एक नियमग्रंथ पक्का केला, रात्सिओ स्तुदिओरुम. जगभरातल्या शाळांना एकच आराखडा. मुलगा वयाने नाही तर तयारीने वरच्या वर्गात जायचा, व्याकरणाच्या तीन पायऱ्या, मग साहित्य, मग वक्तृत्व. वर्गात दहा-दहा मुलांवर एक मुलगा नेमलेला, तो बाकीच्यांचं पाठांतर ऐकून घ्यायचा. वर्गाचे दोन गट, एक रोम आणि एक कार्थेज, आणि प्रत्येक मुलाला समोरच्या गटातला एक प्रतिस्पर्धी ठरवून दिलेला, याने चूक केली की त्याने उभं राहून दुरुस्त करायची. बक्षीस समारंभ, वादविवाद, लॅटिन नाटकं, हे सगळं त्या पुस्तकात नियम म्हणून आहे. मारायचं झालं तर संघाच्या माणसाने स्वतः हात उचलायचा नाही हेही आहे, म्हणजे शिक्षा नव्हती असं नाही, त्यासाठी बाहेरचा माणूस नेमलेला असे. तर तुमच्या शाळेत इलोक्यूशन, डिबेट आणि वार्षिक नाटकाला एवढं महत्त्व का असं कुणी विचारलं तर उत्तर इथे आहे. नाटक हे करमणूक म्हणून नव्हतं, मुलाला चारचौघांत उभं राहून नीट बोलता यावं हा अभ्यासक्रमाचाच भाग होता.

अजून एक छोटी गोष्ट दाखवते. जुन्या जेझुइट शाळांमधल्या वह्या हातात आल्या तर पानाच्या अगदी वर, मधोमध, चार अक्षरं दिसतील, ए.एम.डी.जी., आणि उत्तर संपलं की खाली तीन अक्षरं, एल.डी.एस. वरच्याचा अर्थ देवाच्या अधिक गौरवासाठी, खालच्याचा देवाची सदैव स्तुती. गणिताचा पेपर असो की भूगोलाचा, मुलं ते सवयीने लिहायची, आपण पानाच्या वर श्री लिहितो तसंच. तुमची शाळा जेझुइट असेल तर जुन्या माणसांना हे विचाराच, ऐंशीच्या घरातला माणूससुद्धा क्षणात सांगतो आणि मग पुढच्या सगळ्या आठवणी निघतात. नव्या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला पवित्र आत्म्याची मिस्सा होते तीही याच घराण्यातली, तिचा उगम मेसिनाच्या त्या पहिल्या वर्षापर्यंत मागे नेतात.

मग 1773. पोप चौदावे क्लेमेंट यांनी युरोपातल्या राजांच्या दबावाखाली अख्खा संघच बरखास्त केला. सातशेच्या वर शाळा-कॉलेजं एका फटक्यात गेली, काही सरकारांनी घेतली, काही बंद पडली. फक्त प्रशिया आणि रशियात राज्यकर्त्यांनी तो हुकूम लगेच लागू होऊ दिला नाही म्हणून तिथे थोडे फादर टिकून राहिले. 1814 मध्ये पोप सातवे पायस यांनी संघ परत उभा केला. याचा तुमच्या कामाशी संबंध असा, की जगातल्या आज चालू असलेल्या बहुतेक जेझुइट शाळा 1814 नंतरच्या आहेत, त्यामुळे आमची परंपरा चारशे वर्षांची असं कुणी लिहिलं तर ते पद्धतीबद्दल खरं असू शकतं, शाळेबद्दल नाही. हा फरक लेखात ठेवा.

आता दे ला साल. फ्रान्समधल्या रॅंस शहरातला श्रीमंत घरचा धर्मगुरू, जन्म 1651 चा. गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढायच्या तर मास्तर हवेत, आणि तेव्हाचे मास्तर म्हणजे ज्याला दुसरं काही जमत नाही तो मास्तर. या माणसाने त्या मास्तरांना आधी आपल्या टेबलावर जेवायला बोलावलं, मग घरातच राहायला आणलं, घरचे लोक भडकले, मग याने कॅथीड्रलमधलं आपलं मोठं पद सोडलं आणि 1684 च्या दुष्काळात स्वतःचा पैसा वाटून टाकला. 1680 च्या सुमारास यातूनच ब्रदरांचा संघ उभा राहिला. ब्रदर म्हणजे धर्मगुरू नव्हे, मिस्सा करायचा अधिकार नाही, फक्त शिकवायचं, तेच व्रत. लॅटिनऐवजी मुलांच्या रोजच्या फ्रेंचमध्ये वाचन शिकवायचं, एकेकाला बोलावून न शिकवता अख्ख्या वर्गाला एकदम शिकवायचं, आणि मास्तरांसाठी वेगळी ट्रेनिंगची शाळा काढायची, हे आज इतकं साधं वाटतं की कुणीतरी पहिल्यांदा केलं असेल हेच डोक्यात येत नाही. या शाळांची खूण म्हणजे दिवसातून बरेचदा, विशेषतः तास सुरू होताना, कुणीतरी म्हणतं, आपण देवाच्या सान्निध्यात आहोत हे आठवूया, आणि प्रार्थना संपताना, येशू आमच्या हृदयात राहो, आणि बाकीचे म्हणतात, सदैव. दहा सेकंदं लागतात. पण वर्गात गोंगाट चाललेला असताना ते ऐकलं की काय होतं ते मी पाहिलंय, ओरडावं लागत नाही.

डॉन बॉस्को या धर्मगुरूंची तऱ्हा पुन्हा वेगळी. एकोणिसाव्या शतकातलं इटलीतलं तुरीन, कारखाने वाढतायत, गावाकडून आलेली पोरं रस्त्यावर, बरीचशी तुरुंगात. यांनी 1841 पासून अशा पोरांना रविवारी जमवायला सुरुवात केली, खेळ, गाणी, प्रार्थना, मग रात्रीचे वर्ग, मग शिवणकाम, चांभारकाम, छपाईचे वर्कशॉप. संघ झाला 1859 मध्ये. त्यांची पद्धत म्हणजे चूक झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा चूक होण्याआधी मुलाजवळ असणं, आणि पाया तीन गोष्टींचा, समजावणं, धर्म, माया. म्हणून सेल्सियन शाळेत सुट्टीत फादर मैदानावर दिसतात, शिटी घेऊन लांब उभे नाहीत तर खेळात. आणि बोर्डिंगमध्ये रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं जे चार शब्द सांगतात, त्याला ते गुड नाईट म्हणतात, ती रीत बॉस्कोंच्या आईने सुरू केली असं सांगतात, आई मार्गारीटा, जी म्हातारपणी गावचं घर सोडून पोरांचा स्वयंपाक करायला आली. ज्यांच्या शाळेत मैदान वर्गाहून महत्त्वाचं वाटतं त्यांनी लाजायचं कारण नाही, तो मूळचाच विचार आहे. 31 जानेवारीला बॉस्कोंचा सण, 24 मे ला मदत करणाऱ्या मारियेचा, म्हणजे येशूच्या आईचा, हे तिथले दोन मोठे दिवस.

सिस्टरांच्या शाळांवर मला जास्त लिहायचंय, कारण स्मरणिकांमध्ये त्यांची बोळवण एका परिच्छेदात होते आणि हे मला खरंच खुपतं. मुलींना शिकवायचं ही कल्पना चर्चलाही सहज पचलेली नव्हती. अँजेला मेरिची यांनी 1535 मध्ये इटलीत ब्रेशा इथे उर्सुलाईन मंडळ सुरू केलं, त्यातल्या बायका आपापल्या घरी राहून काम करायच्या. पुढे त्यांना मठाच्या भिंतीआड बसवलं गेलं, पण भिंतीआडही त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या, 1639 मध्ये क्वेबेकला पोचल्या, 1727 मध्ये न्यू ऑर्लिन्सला, आणि तिथली त्यांची शाळा आजही चालू आहे. आणि मेरी वॉर्ड. इंग्लंडमध्ये कॅथलिक असणंच गुन्हा होता त्या काळातली ही बाई. 1609 मध्ये तिने संघ सुरू केला, म्हणणं असं की जेझुइट जसे मठाबाहेर हिंडून काम करतात तसंच बायकांनीही करावं. 1631 मध्ये पोपने संघ बंद केला, तिला पाखंडी ठरवून म्युनिकमध्ये एका मठात डांबलं. तिथून ती मैत्रिणींना लिंबाच्या रसाने पत्रं लिहायची, कागद गरम केला की अक्षरं उमटायची. तिच्या बायकांनी शाळा चालूच ठेवल्या, पण आपल्या संस्थापिकेचं नाव त्यांना उघड लावता येत नव्हतं, ती संस्थापिका आहे हे रोमने मान्य केलं 1909 मध्ये. म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे वर्षं. तुमची शाळा या घराण्यातली असेल तर फक्त हीच गोष्ट सांगितली तरी लेख उभा राहतो.

सेक्रेड हार्टच्या शाळा, सोफी बारा यांनी फ्रान्समध्ये 1800 मध्ये सुरू केलेला संघ, तिथे आणखी एक मजेशीर रीत आहे, काँजे. अचानक सुट्टी. सकाळी मुली शाळेत येतात आणि जाहीर होतं की आज अभ्यास नाही, दिवसभर खेळ. आधी कुणाला सांगायचं नाही हा नियम. मुलींना ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. रोममध्ये त्रिनिता देई मोंती इथल्या त्यांच्या कॉन्व्हेंटमध्ये 1844 मध्ये पोलीन पेर्ड्रो या तरुणीने भिंतीवर मारियेचं एक चित्र काढलं, गुलाबी कपड्यातली, बाजूला सूत कातायची काठी, हातात लिली नाही तर शेजारी ठेवलेली, पायाशी पुस्तक उघडं. जगभरातल्या त्यांच्या शाळांत त्या चित्राची प्रत असते आणि 20 ऑक्टोबरला तिचा सण. मला ते पुस्तक फार आवडतं, शिकणाऱ्या मुलींसमोर शिकणारी मारिया.

अमेरिकेतली कथा वेगळ्या अंगाने महत्त्वाची, कारण तिथे कॅथलिक शाळा भांडणातून उभ्या राहिल्या. सरकारी शाळांत प्रोटेस्टंट बायबल वाचलं जायचं, कॅथलिक पालकांनी हरकत घेतली, 1844 मध्ये फिलाडेल्फियात दंगली झाल्या, चर्च जाळली गेली. शेवटी 1884 च्या बाल्टिमोर परिषदेत बिशपांनी ठरवलं की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, दोन वर्षांत शाळा काढायची. 1890 मध्ये त्याच फिलाडेल्फियात धर्मप्रांताचं पहिलं मोफत कॅथलिक हायस्कूल उघडलं. पुढे ओरेगॉन राज्याने सगळ्या मुलांना सरकारी शाळेत घालायची सक्ती करणारा कायदा आणला, तो सिस्टरांच्याच एका संघाने कोर्टात नेला आणि 1925 मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवला, मूल ही सरकारची मालमत्ता नाही अशा अर्थाचं ते निकालपत्र आजही उद्धृत होतं. 1960 च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या कॅथलिक शाळांत पन्नास लाखांहून जास्त मुलं होती. हे सगळं कुणाच्या जोरावर चाललं, तर जवळजवळ बिनपगारी राबणाऱ्या सिस्टरांच्या. त्या कमी झाल्या तसा पगाराचा खर्च वाढला, फी वाढली, शाळा बंद पडायला लागल्या. एवढं सरळ कारण आहे.

आता एक काम करा, तुमच्या शाळेच्या परंपरांची यादी काढा आणि त्यातलं कॅथलिक काय आणि उसनं काय ते वेगळं करा. चार हाऊस, त्यांचे रंग, हाऊस कॅप्टन, प्रीफेक्ट, ब्लेझर, हे इंग्लंडच्या बोर्डिंग शाळांकडून आलं, नावं संतांची दिली एवढंच. अमेरिकन शाळांमध्ये शेवटच्या एक-दोन वर्षांत अंगठी देतात, मिस्सेत तिला आशीर्वाद वगैरे, पण मूळ वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकॅडमीचं, 1835 चं. पेट्रन सेंटचा सण, मे महिन्यात मारियेला फुलांचा मुकुट, नोव्हेंबरमध्ये मृतांसाठी प्रार्थना, या मात्र चर्चच्या वर्षातून आलेल्या. रिट्रीटचं मूळ इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेत आहे, महिनाभराच्या मौनाची ती साधना, तिचं शाळकरी रूप म्हणजे एक-दोन दिवस. उसनं असलं म्हणून कमी दर्जाचं असं मी म्हणत नाही, पण कुठून आलं ते खरं लिहा.

आणि 1973 कडे नक्की बघा. त्या वर्षी 31 जुलैला जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी स्पेनमध्ये वालेन्सिया इथे माजी विद्यार्थ्यांसमोर भाषण केलं. समोर बसलेले सगळे नामवंत, पैसेवाले. अरुपेंनी त्यांना विचारलं की आम्ही तुम्हाला न्यायासाठी झटायला शिकवलं का, आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही, आणि पुढे म्हणाले की आमचं उद्दिष्ट दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं घडवणं हे असायला हवं. बरेच जण संतापले. आज जगभरातल्या जेझुइट शाळांच्या भिंतींवर ते वाक्य रंगवलेलं असतं, आणि समाजसेवेचे तास, वस्तीतल्या मुलांना शिकवणं, हे सगळं त्यानंतर जोर धरलेलं. 1996 मध्ये शिकागोत क्रिस्तो रे शाळा निघाली, तिथे गरीब घरची मुलं आठवड्यातला एक दिवस ऑफिसात काम करून स्वतःच्या फीचा मोठा वाटा मिळवतात. मला ही परंपरेची सगळ्यात खरी ओळख वाटते, रोमच्या त्या दारावरच्या विनामूल्यचा नवा अवतार.

अवघड भाग टाळू नका. 1838 मध्ये मेरीलँडच्या जेझुइटांनी 272 गुलाम माणसं विकली, आणि त्या पैशातला काही भाग त्यांचं जॉर्जटाऊन कॉलेज वाचवायला वापरला, हे त्या संस्थेने स्वतः आता मान्य केलंय. कॅनडात आदिवासी मुलांना घरातून तोडून ठेवलेल्या निवासी शाळांपैकी बऱ्याच कॅथलिक संघ चालवत होते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणं कित्येक देशांत निघाली. आपल्या शाळेत छडी किती चालायची, कुणाला प्रवेश नाकारला जायचा, मातृभाषेत बोललं म्हणून दंड व्हायचा का, हे माजी विद्यार्थ्यांना माहीत असतं, आणि स्मरणिकेत ते सगळं गुळगुळीत दिसलं की ते बाकीच्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

कागदांबद्दल. जेझुइट घरांमध्ये हिस्तोरिया दोमुस नावाची नोंदवही असते, घराचा इतिहास, ठरावीक काळाने लिहिलेला, जुनी लॅटिनमध्ये. सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्येही अशीच वही असते, क्रॉनिकल म्हणतात. यात मोठमोठ्या घटना शोधू नका. साथ आली आणि किती बोर्डर घरी पाठवले, कुठली सिस्टर बोटीने आली, छप्पर गळलं, इन्स्पेक्टर काय बोलून गेला, अशा ओळींत शाळा जिवंत सापडते. जनरल रजिस्टरमध्ये मुलांच्या वडिलांचे व्यवसाय असतात, दहा-दहा वर्षांच्या अंतराने एकेक पान काढून बघा, शाळा कुणासाठी सुरू झाली आणि हळूहळू कुणाची झाली ते तिथे उघड दिसतं, भाषणांत नाही. वार्षिक मॅगझिनमधल्या बक्षिसांच्या याद्या ठेवा, कुठला विषय कधी आला कधी गेला ते कळतं. शाळेत काही नसेल तर संघाच्या प्रांतिक घराला, म्हणजे त्या भागातल्या मुख्य कार्यालयाला, पत्र लिहा, शाळा बंद पडली किंवा माणसं बदलली की कागद बहुतेक तिकडे जातात.

तुम्ही शेवटी विचारलंय की आता फादर-सिस्टर उरलेच नाहीत, सगळे शिक्षक बाहेरचे, बरेचसे दुसऱ्या धर्माचे, मग परंपरा टिकणार कशा. माझा अनुभव असा की ज्या परंपरेमागचं काम चालू आहे ती टिकते. मैदानावर शिक्षक खरंच मुलांबरोबर असतील तर ते बॉस्कोचंच आहे, मग शिक्षकाचं आडनाव काहीही असो. नुसता 31 जानेवारीला केक कापला आणि बाकी वर्षभर कुणी मैदानावर फिरकलं नाही तर दोन-तीन वर्षांत तो केकही बंद होतो, हे मी होताना पाहिलंय. काही संघ आता नव्या शिक्षकांना संस्थापकाच्या विचारांचं रीतसर ट्रेनिंग देतात, तुमच्याकडे होत असेल तर त्या शिक्षकांशीही बोला, लेखात फक्त जुनी माणसं नकोत.

पण क्रम लावायचा तर सगळ्यात आधी म्हाताऱ्या सिस्टरांना आणि फादरांना भेटा, कागद थांबतील. बरेच जण संघाच्या वृद्धांसाठीच्या घरात असतात, दुपारनंतर थकतात, म्हणून सकाळची वेळ मागून घ्या, जुना वर्गाचा फोटो बरोबर न्या, आणि रेकॉर्डर चालू करण्याआधी परवानगी विचारा. पहिला प्रश्न शाळेबद्दल विचारू नका, तुम्ही इथे आलात तेव्हा वय काय होतं आणि पहिल्या दिवशी कुठला वर्ग मिळाला एवढंच विचारा.